हातच्या कांकणाला आरसा

कडं दादांच्या तळहातावर ठेवून सूनबाई मागे सरली आणि एप्रनला हात पुसू लागली. हात कधीचेच पुसून झाले होते. पण सासरा परीक्षक होऊन समोर बसला असताना माणसानं हातांचं करायचं तरी काय?

कारखान्यात आज गर्दी होती. कारखाना ही आपली घरातली बोलायची सवय. खोली एकच, तीही लहान. खिडकीशेजारी लांब मेज, मेजामागे भिंतीला टेकलेला दोन माणसांचा लाकडी बाक, मेजाच्या अलीकडे एक तीन पायांचा स्टूल. कोपऱ्यात शेगडी आणि ऐरण. बाकावर दादा, म्हणजे तिचे सासरे. सगळं घर त्यांना दादाच म्हणायचं, पोटचा मुलगासुद्धा. घरातून आणलेल्या वेताच्या खुर्चीत दादांची थोरली बहीण, आत्या. सूनबाईचा नवरा कपाटाला टेकून उभा, आणि दादांचे धाकटे भाऊ, काका, दारात. भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्यापासून काकांनी 'पुन्हा येणार नाही' हा शब्द पाळत या खोलीचा उंबरठा ओलांडला नव्हता. आजही ते अर्धे आत, अर्धे बाहेर असे उभे होते, म्हणजे शब्दही मोडायला नको आणि गंमतही चुकायला नको.

सगळ्यांना बोलावलं होतं आत्यानं. दादांचे हात थरथरायला लागले होते. आधी वाटलं थंडीनं, मग वाटलं थकव्यानं, मग डॉक्टरनं सरळच सांगितलं की आता विस्तवाजवळ बसू नका. मग बाकाचं काय? काकांनी आत्याकडून निरोप धाडला, बाबांची ऐरण थंड पडता कामा नये, अवजारं माझ्या कारखान्यात येऊ द्या. काकांचा कारखाना मागच्याच गल्लीत होता. नवरा म्हणाला, बंद करा सगळं आणि दादांना आराम करू द्या. त्याचा जन्म ऑफिसात गेलेला, त्याला सगळ्या दुखण्यांवर आराम हाच उपाय ठाऊक. आणि सूनबाई, तोंडात घास असताना, म्हणून गेली, "मी बसेन बाकावर."

सगळ्यांचे चमचे थांबले. दादांनी तेवढं म्हटलं, "मग एक कडं कर. एकटीनं."

या घराचा तो नियमच होता. बाकावर बसायचं असेल त्यानं एक कडं कुणाची मदत न घेता करायचं, आणि बाकावर जो बसलेला असेल त्याच्या हातावर ठेवायचं. दोन चांदीच्या तारा तापवून मऊ करायच्या, एकीभोवती एक पिळायच्या, गोल वळवायच्या, टोकं डाख देऊन जोडायची. ऐकायला एवढंच. करायला गेलं की तार तुमची सगळी लक्तरं बाहेर काढते. घाई केली की ती सांगते, मन दुसरीकडे गेलं की सांगते, आदल्या दिवशी नवऱ्याशी भांडला असाल तर तेही सांगते.

दादांनी डोळे मिटले आणि कड्यावरून अंगठा फिरवायला सुरुवात केली. हात थरथरत होता. अंगठ्याची नजर मात्र शाबूत होती.

"जोड कुठंय?" त्यांनी विचारलं.

"शोधा," सूनबाई म्हणाली. बोलल्यावर तिलाच आपल्या आगाऊपणाचा धक्का बसला.

दादांनी पुन्हा एक फेरी मारली. जोड सापडला नाही. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. तो हसण्याचा नमुना होता, घरात दुर्मीळ. बाक आपला झाला, असं सूनबाईला वाटलं. आणि तेवढ्यात अंगठा थांबला.

दादांनी डोळे उघडले. कडं खिडकीपाशी धरलं. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"मी?" दादांनी कडं मेजावर ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं. ते जास्त लागलं. "हा माझा पीळ नाही."

एवढं ऐकलं आणि काका आले की आत. उंबरठा, शब्द, इतक्या वर्षांचा अबोला, सगळं ओलांडून दोन ढांगांत मेजाशी. त्यांनी कडं उचललं, पाहिलं आणि त्यांचा डावा हात आपोआप मिशीकडे गेला.

"हा डावा पीळ आहे," काका म्हणाले. "माझा पीळ! अक्का, बघ. आज दादाच्या घरात, दादाच्या सुनेनं, माझा पीळ घातला!"

"बघते, बघते," आत्या म्हणाली. "तू आधी मिशीला पीळ घालायचा थांबव."

या घरात पीळ हा काही साधा शब्द नव्हता. दादा तारा पिळत त्या उजवीकडे वळत जायच्या, काका पिळत त्या डावीकडे. आजोबा, म्हणजे या भावांचे बाबा, गेले त्या साली एका गिऱ्हाइकाला कड्यांची जोडी हवी होती. वेळ थोडा होता, म्हणून एक कडं दादांनी केलं, एक काकांनी. जोडी शेजारी शेजारी ठेवली तर दोन कडी एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेली. गिऱ्हाईक हसलं आणि गेलं. मग तू चुकलास, तू चुकलास. बाबांचा पीळ माझा, बाबांचा पीळ माझा. त्या एका जोडीपायी चुली वेगळ्या झाल्या. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. या दोघांचा सुंभही जळला नव्हता आणि पीळही.

"तू मागच्या गल्लीत जात होतीस," दादा सुनेला म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. दादांचा आवाज कधीच चढत नसे, तीच तर पंचाईत होती.

"काकू आजारी होत्या तेव्हा जात होते. औषधं द्यायला."

"औषधं द्यायला."

त्यांनी तिचेच शब्द तिच्या हातावर परत ठेवले आणि सूनबाईला ते फार लागलं. दोन वर्षं ती त्या स्टुलावर बसली होती. आधी दादांच्या थरथरत्या हातातली तार धरायला, मग डाखाला लागणारा टाकणखार घासून द्यायला, मग नुसतं बघायला. दादांनी 'शीक' म्हटलं नव्हतं, तिनं 'शिकते' म्हटलं नव्हतं. तारेचे उरलेले तुकडे ते तिच्या बाजूला सरकवत आणि खिडकीबाहेर बघत बसत. तिनं केलेलं वेडंवाकडं काम ते मूस तापली की गुपचूप वितळवून टाकत. पुढं पुढं तर तीच वितळवायची, त्यांनी बघायच्या आधी. या दोन वर्षांत कुणी इतक्या निमूटपणे तिच्यावर विश्वास टाकला नव्हता, असं तिला वाटायचं. आणि आता हे.

"दादा, काहीतरीच काय?" कपाटाकडून आवाज आला. नवरा सरळ उभा राहिला होता. कालपर्यंत हाच 'बंद करा' म्हणत होता. "ती दुपारभर इथंच असते. मला जेवायला वाढायला विसरते ती या स्टुलापायी. मागच्या गल्लीत कधी जाणार?"

तिला त्याचं नवल वाटलं, आणि थोडी लाजही. दोन-चारदा खरंच विसरली होती ती.

"अरे, मग काय बिघडलं?" काका रंगात आले होते. "शिकली असेल माझ्याकडे. सूनबाई, तू चल. दादाला नको असेल तर माझ्या बाकावर जागा आहे. उद्यापासून ये. असा जोड माझ्या पोरालाही जमत नाही."

बाक मिळत होता. फक्त एक 'हो' म्हणायचं होतं, आणि ते 'हो' खोटं होतं.

"काका," ती म्हणाली, "मी तुम्हाला काम करताना कधी पाहिलंय?"

काकांनी तोंड उघडलं. काकांचे दोष अनेक. बढाई मारणं हा त्यांतला पहिला. पण कामाच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांच्यानं होत नसे.

"नाही," ते म्हणाले. "कधीच नाही."

"मग आला कुठून तुझ्या हातात डावा पीळ?" आत्यानं विचारलं. "आकाशातून पडला?"

सूनबाईलाही ते कळत नव्हतं. तिचं डोकं चालेना तेव्हा तिनं हातांना विचारायचं ठरवलं. ती स्टुलावर जाऊन बसली, रोजच्या जागी. समोर बाकावर दादा. मधे मेज, मेजाच्या दोन्ही कडांना एकेक लोखंडी शिकंजा, तारेचं टोक पकडायला.

"दादा, एकदा पिळून दाखवा. दोनच वळसे."

"आता या हातांनी?"

"या हातांनीच."

दादांनी शिकंज्यात तारांची टोकं अडकवली, दुसरी टोकं पकडीत धरली. पकड तारेवर टकटक वाजली, मग स्थिरावली. अंगठा हलला. एक वळसा. दुसरा.

सूनबाई बघत होती. अंगठा वरून तिच्याकडे आला. पुन्हा तिच्याकडे आला. दोन वर्षं तिनं हेच पाहिलं होतं. मग तिनं आपल्या पुढ्यातल्या शिकंज्यात तार अडकवली, उजव्या हातात पकड घेतली आणि पाहिलं होतं तसंच केलं. अंगठा वरून आपल्याकडे ओढला.

"थांब," तिचं तिनंच म्हटलं. "दादा, तुमचा अंगठा कुठं जातो?"

"पुढं. कुठं जाणार?"

"तुमच्या पुढं. पण इथून तो माझ्याकडे येतो. मी पण आपल्याकडेच ओढत राहिले." तिला एकदम हसू आलं आणि रडूही, आणि तिनं दोन्हीही दाबलं. "तुम्ही कधी तोंडानं सांगितलं नाहीत ना! मी दिसलं तसं केलं."

सांगणार तरी कसं? काम चालू असताना बोलायचं नाही, हा आजोबांचा दंडक. आजोबांच्या तोंडात सदा फुंकणी असायची आणि फुंकणी तोंडात असताना बोलणारा माणूस विस्तव गिळतो, असं ते म्हणत. तेही म्हणे फुंकणी बाजूला ठेवून, वर्षातून एकदा. बाकी सगळं शिकणं डोळ्यांनी. त्या घरात दोन पिढ्या कडी करायला शिकल्या, पण 'असं कर' हे वाक्य कुणी उच्चारल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

जोडाची मागची बाजू बघायला मेजावर एक हाताएवढा आरसा असे. सूनबाईनं तो उभा केला आणि दादांचं एक जुनं कडं त्याच्यासमोर धरलं.

"बघा."

आरशातला पीळ डावीकडे वळत होता.

काका वाकून आरशात बघत राहिले. त्यांचा हात मिशीवरून कधी खाली आला, त्यांनाही कळलं नाही.

"काका," सूनबाईनं हळूच विचारलं, "आजोबा शिकवायचे तेव्हा तुम्ही कुठं बसायचात?"

काका तिच्याकडे बघत होते. म्हणजे तिच्याकडे नाही, ती बसली होती त्या स्टुलाकडे.

"बाकावर दोघांचीच जागा," आत्या म्हणाली. तिचा आवाज एरवी खोलीच्या टोकाला पोचायचा, आता जेमतेम मेजापर्यंत आला. "बाबा आणि शेजारी दादा. धाकट्याला स्टूल. त्याचे पाय जमिनीला पोचायचे नाहीत, म्हणून मी खाली खोकं सरकवायचे. रोज भांडायचा, मला पण बाबांच्या शेजारी बसू दे म्हणून."

"एक दिवससुद्धा बसू दिलं नाही दादानं," काका म्हणाले. साठी उलटलेला माणूस, पण हे वाक्य म्हणताना त्याचा खालचा ओठ अगदी लहान मुलासारखा पुढे आला.

पण आयुष्यभर जपलेली गोष्ट माणूस एका आरशासाठी सोडत नाही.

"असेल," दादा म्हणाले. "पण याचा अर्थ उलटा झाला तो धाकटा. बाबांचा पीळ उजवाच. अक्काच्या हातातलं कडं बघा, बाबांनी आईसाठी केलेलं. स्वच्छ उजवा."

"काय सांगतोस!" काका उसळले. "मी शंभरदा बघितलंय ते. डावा आहे, डावा!"

आत्यानं दोन्ही हात मांडीखाली घेतले. "माझा हात म्हणजे कोर्टातला पुरावा नव्हे. तुमचं भांडण झालं तेव्हाच मी ठरवलं, हे कडं कुणालाही दाखवायचं नाही. एक भाऊ जिंकला तर दुसरा जायचा."

"आत्या," सूनबाई म्हणाली, "मला दाखवा. मला जिंकायचं नाहीये."

आत्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग हळूच डावा हात बाहेर काढला.

कडं निघण्यातलं नव्हतं. मनगट केव्हाच कड्याला पुरून उरलं होतं. घरात त्याला वेणीचं कडं म्हणत. नक्षी वेणीसारखी दिसायची खरी, पण वर्षानुवर्षांच्या काळेपणानं खाचा बुजून गेल्या होत्या. सूनबाईनं मऊ ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवला, आत्याचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि घासायला लागली. नवऱ्यानं कुणी न सांगता पाणी बदलून आणलं. चांदी एकेका रेघेनं उजळत गेली.

मग तिचा ब्रश थांबला.

"वेणी नाहीये ही," ती म्हणाली. "पिळाच्या दोन दोऱ्या आहेत, शेजारी शेजारी जोडलेल्या. एक उजव्या पिळाची, एक डाव्या पिळाची. दोघी एकमेकींच्या बाजूला आल्या की वेणी दिसते."

दोन्ही भाऊ एकदम वाकले. डोक्याला डोकं आपटलं, तरी कुणी मागे झालं नाही. दादांचा थरथरता अंगठा वरच्या दोरीवरून फिरत गेला आणि एका ठिकाणी अडखळला.

"इथं सैल आहे," ते पुटपुटले. "पीळ सुटलाय इथं. मला... मला शिंक आली होती. बाबांनी नुसतं बघितलं माझ्याकडे. मला वाटलं, तार वितळवून टाकली असेल."

"आणि हे दात," काका म्हणाले. खालच्या दोरीच्या टोकाशी बारीक ओरखडे होते, शिकंज्याचे. "माझ्यात जोर नव्हता. तार निसटायची म्हणून मी शिकंजा अंगठ्यानं नाही, अख्ख्या अंगानं आवळायचो. हे माझं आहे, दादा. हे मी केलंय."

आजोबांनी दोन पोरांच्या दोन चुका शेजारी शेजारी ठेवून बायकोसाठी कडं केलं होतं, आणि फुंकणी तोंडातून न काढता ते तसेच निघून गेले होते. एक शब्द बोलले असते तर? पण बोलणारा माणूस तो नव्हता. त्यानं जे सांगायचं ते बायकोच्या मनगटावर ठेवलं, आणि भाऊ आपापली तेवढी दोरी बघून एकमेकांवर रुसून बसले.

आत्यानं हात डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात," ती म्हणाली. "आपल्या घराला लागला." आणि मग ती रडली, अगदी मनसोक्त, नाक ओढत, कुणाची पर्वा न करता. सूनबाईच्या नवऱ्यानं आत्याच्या हातात रुमाल दिला. काकांनी स्वतःचा काढला आणि स्वतःच वापरला.

दादा उठले. मेजाला धरत धरत वळसा घालून ते अलीकडे आले आणि सूनबाईसमोर उभे राहिले.

"ऊठ," ते म्हणाले.

एवढं सगळं होऊनही नाहीच?

"ऊठ. तो स्टूल मला हवाय. तू तिकडं बस."

"तिकडं कुठं?"

"बाकावर. आणि धाकट्या, तू काय नुसतं उभं राहून पाहुण्यासारखं बघतोस? दोघांची जागा आहे तिथं. बस तिच्या शेजारी."

काका बाकावर बसले. आधी टोकाला टेकले, मग सरकून भिंतीला पाठ लावली आणि खिडकी, मेज, शेगडी सगळीकडे एकदा पाहून घेतलं. इथून हे असं दिसतं तर, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. सूनबाई त्यांच्या शेजारी बसली. बाक अजून दादांच्या अंगानं गरम होता. तिनं तार शिकंज्यात अडकवली, पकड घेतली, अंगठा आपल्याकडे ओढला. एकदा. दोनदा.

स्टुलावरून दादा टक लावून बघत होते.

"अरेच्चा," ते म्हणाले. "ही तर बरोबर करतेय. माझ्यासारखंच करतेय की!" मग त्यांनी मान पुढे काढून तार पाहिली. पीळ डावाच होता. त्यांनी हाताकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं, पुन्हा हाताकडे. "धाकट्या, इथून सगळं उलटं दिसतं रे."

"आयुष्यभर दुसरं काय सांगत होतो मी?" काका म्हणाले, पण त्यात भांडण उरलं नव्हतं.

दादांनी मान हलवली. मग दोन ताज्या तारा उचलून त्यांनी सुनेपुढे सरकवल्या.

"ही डाव्या पिळाची दोरी झाली की उजव्या पिळाची कर. वेणीला दोन्ही लागतात. आणि नीट ऐक," ते म्हणाले, आणि त्या खोलीत काम चालू असताना पहिल्यांदाच कुणीतरी बोलून शिकवू लागलं. "अंगठा पुढं ढकलायचा. पुढं म्हणजे तुझ्या पुढं. माझ्याकडे."